गुड फ्रायडेचं पान

तूरुन : ब्याण्णवची आहे, चौऱ्याण्णवची आहे. मधली नाही. किती वेळ हात फिरवणार आहेस त्या फळीवर?

हाल्वर : मी सहज बघत होतो, ताई.

तूरुन : सहज बघणारा माणूस स्टुलावर चढत नाही. उतर खाली. या वयात पडलास तर येत्या शुक्रवारी राजवाड्यात नाव कुणाचं वाचायचं?

हाल्वर : नाव वाचायला माणूस लागत नाही तिथं. कागद लागतो.

तूरुन : बरं, मग कागदासाठी तरी उतर. अख्ख्या देशाच्या पोलिसांचा होणारा प्रमुख, आणि माझ्या स्टुलावर लोकरी मोज्यांत उभा. फोटो काढायला हवा होता.

हाल्वर : त्र्याण्णवची वही कुठं आहे?

तूरुन : कशाला हवी आहे?

हाल्वर : आठवण म्हणून. आबांचं अक्षर बघावंसं वाटलं.

तूरुन : आबांचं अक्षर पंचेचाळीस वह्यांमध्ये आहे. त्यांनी हे घर बांधलं तेव्हापासून दर वर्षाची एक वही आहे. तुला बरं नेमकं त्र्याण्णवचंच अक्षर आवडतं.

हाल्वर : ताई, तू रहस्यकथा वाचतेयस ना, तीच वाच.

तूरुन : ती पहिल्या वीस पानांतच कळली. डॉक्टरनं मारलंय. ईस्टरला डोंगरावर बसून लोक खुनाची पुस्तकं का वाचतात कुणास ठाऊक. दुधाच्या खोक्यावरसुद्धा खुनाच्या गोष्टी छापतात मेले. यंदा मात्र पुस्तकापेक्षा तुझ्याकडे बघण्यात मजा आहे. बुधवारी आल्यापासून तू चार वेळा ही फळी पुसलीस. आयुष्यात कधी फडकं हातात धरलं नव्हतंस.

हाल्वर : वही तुझ्याकडे आहे?

तूरुन : माझ्याकडे नाही.

हाल्वर : मग?

तूरुन : एल्ड्रिडकडे आहे. गुरुवारी वादळ सुरू झालं तेव्हा काढली तिनं. दोन दिवस दार उघडता येत नव्हतं, दुसरं करणार काय पोरगी? येत्या शुक्रवारी तुझ्या नेमणुकीच्या जेवणात बापाबद्दल चार शब्द बोलायचे आहेत ना तिला. सगळ्या वह्या अंथरुणात घेऊन बसली होती.

हाल्वर : ती वाचली तिनं?

तूरुन : वाचली आणि हसत सुटली.

हाल्वर : हसत?

तूरुन : तिला काय माहीत, हाल्वर?

हाल्वर : आता कुठं आहे ती?

तूरुन : वर, मोठ्या दगडापाशी. तिथंच फोन लागतो. वारा जरा पडला तशी स्की घालून पळाली.

हाल्वर : आणि वही?

तूरुन : पाठीवरच्या पिशवीत. असा पांढरा पडू नकोस. बस. संत्रं सोलून देऊ?

हाल्वर : नको.

तूरुन : त्या दिवशी तीन खाल्ली होतीस.

हाल्वर : बत्तीस वर्षांत तू या विषयावर एक शब्द बोलली नाहीस.

तूरुन : तूही विचारलं नाहीस. मी इथंच बसले होते, याच बाकावर. तू लिहायला पेन शोधत होतास तेव्हा माझ्या पर्समधलं मीच दिलं तुला. निळं होतं. नंतर कितीदा वाटलं, त्या दिवशी पर्स घरी राहिली असती तर.

हाल्वर : पेन नसतं तर आबांनी पेन्सिल दिली असती.

तूरुन : तेही खरं. जो येईल त्यानं निघण्याआधी आपल्या हातानं लिहायचं. तारीख, वारा कुठला, बर्फ कसा, किती वाजता आलो, किती वाजता चाललो. पान फाडायचं नाही. आबांनी पंतप्रधानालाही सोडलं नसतं.

हाल्वर : मी मूर्ख होतो. नसतं लिहिलं तर कुणाला कळलं असतं?

तूरुन : या घरात येऊन लिहायचं नाही हे तुला सुचलंसुद्धा नाही. आणि चारच दिवसांनी चौकशी समितीसमोर बसून, डोळ्याची पापणी न हलवता...

हाल्वर : ताई.

तूरुन : बत्तीस वर्षं ताई-ताई म्हणून गप्प बसवलंस मला. आता बोलू दे. फोनपाशी बसायची पाळी तुझी होती. घरी, खाली खोऱ्यात. ठाण्यातून फोन आला की पंधरा मिनिटांत हजर व्हायचं, एवढंच काम. आणि तू इथं होतास.

हाल्वर : बायको इथं होती, उन्नी. पोर इथं होती. गुड फ्रायडेला आपल्या खोऱ्यात काय होणार? दुकानं बंद, दारू बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, दोन तास वर, दोन तास खाली. रात्री माझ्या खुर्चीत परत.

तूरुन : आणि लुडविक मेला.

हाल्वर : मी अकराला इथून निघालो होतो.

तूरुन : लुडविक नऊच्या आत मेला होता. आठवतो ना तुला? माझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवायला आला होता. पैसे नको म्हणाला, जेवला मात्र पाच माणसांचं. त्या दिवशी घरची दारू ढोसून रस्त्यात झोपला म्हणून तुझ्या ठाण्यातल्या गाउतेनं उचलून कोठडीत ठेवला. थंडीत मरू नये म्हणून. तेवढ्यात पुलावरून गाडी नदीत गेल्याचा निरोप आला, आत दोन मुलं. गाउते ठाण्यात एकटा. कोठडीपाशी बसायला कुणीतरी हवं म्हणून त्यानं तुला फोन केला.

हाल्वर : केला असं तो म्हणाला.

तूरुन : अजूनही 'असं तो म्हणाला'?

हाल्वर : सवय झालीय.

तूरुन : अकरा वेळा केला. मग वाट बघवेना म्हणून गेला, मुलं नदीतून काढली, परत आला तर लुडविक उलटी घशात अडकून गेलेला. आणि तू चौकशीत म्हणालास, मी फोनपाशीच बसलो होतो, फोन वाजला नाही. त्या काळी कुणी कुणाला फोन केला याची खूण राहत नव्हती. राहिला तुझा शब्द आणि त्याचा शब्द. तो नाताळच्या नाचात झिंगलेला सगळ्यांनी पाहिला होता. तुला कधी कुणी हसताना पण नीट पाहिलं नव्हतं. झालं, गाउते खोटारडा.

हाल्वर : मी सत्तावीस वर्षांचा होतो.

तूरुन : तो चौतीस. दोन मुली होत्या त्याला. खोऱ्यात त्यांच्या शेजारी बाकावर बसायला कुणी तयार नव्हतं. वर उत्तरेला गेले ते, मासे साफ करायच्या कारखान्यात.

हाल्वर : त्यानंतर मी काय केलं तेही सांग ना. कोठडीत माणूस असताना ठाणं एकटं सोडायचं नाही, हा नियम कुणी लिहिला? मी लिहिला. दर अर्ध्या तासानं आत जाऊन माणसाला हात लावून बघायचा, नुसतं दाराच्या भोकातून नाही. तो पण मीच. जिल्ह्याचा प्रमुख झालो तेव्हा आधी कोठड्यांची दारं बदलली, माझं ऑफिस नंतर. राजधानीत गेलो तिथंही तेच. आज कितीतरी माणसं त्या नियमानं जिवंत आहेत, ताई. त्यांना माझं नावही माहीत नाही.

तूरुन : आहेत. मी कधी नाही म्हटलं? तुझ्या मुलाखतीत छापून येतं, या माणसाला कोठडीतल्या दारुड्यांची एवढी कळकळ का. वाचते आणि मला लाज वाटते. तुझी नाही, माझी. कारण ती का, ते मला माहीत आहे.

हाल्वर : मी एकही बढती मागितली नाही.

तूरुन : हे मला सांगू नकोस.

हाल्वर : खरं सांगतोय. प्रत्येक वेळी वाटायचं, आता कुणीतरी जुनी फाइल काढेल. उघडेल, विचारेल. एकदाही कुणी विचारलं नाही. उलट, वर या, अजून वर या. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. काय कारण देणार होतो? हो म्हणणं सोपं होतं. दर वेळी सोपं होतं. आता वर जायला जागाच उरली नाही, आणि खाली यायचा रस्ता मीच बंद करत आलोय. मला भीती वाटते, ताई. झोप लागत नाही.

तूरुन : माहीत आहे. भिंत पातळ आहे, रात्रभर ऐकते मी.

हाल्वर : ती आली की वही दे मला. शेगडीत टाकतो. कुणाला काही...

तूरुन : आबांच्या घरात पान जाळणार?

हाल्वर : आबा जाऊन चौदा वर्षं झाली.

तूरुन : एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. चौकशीचा निकाल पेपरात आला त्या आठवड्यात आबा आणि मी इथं होतो. त्यांनी ती वही काढली, तुझं पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मला म्हणाले, पोराचं अक्षर स्वच्छ आहे. आणि वही जागेवर ठेवली.

हाल्वर : एवढंच?

तूरुन : एवढंच. पण आठवून बघ. त्यानंतर आबांनी तुला कधी, निघण्याआधी लिही, असं सांगितलं?

हाल्वर : मी न सांगता लिहायचो. म्हणून सांगत नसतील असं मला वाटायचं.

तूरुन : मीही न सांगता लिहायचे. मला दर वेळी सांगायचे. आली बघ. बर्फ झटकतेय.

एल्ड्रिड : आत्या, दाराशी कमरेएवढा ढीग झालाय, फावडं कुठं ठेवलंस? अगं, गाल बधिर झालेत माझे. बाबा, तुझ्यासाठी बातमी आहे. बस आधी.

हाल्वर : बसलोय.

एल्ड्रिड : उभा आहेस तू. काय झालं? भांडलात का दोघं? पत्त्यांवरून असेल. आत्या, तू परत हिशेबात लबाडी केलीस ना?

तूरुन : मी काही केलेलं नाही. तेच तर झालंय.

एल्ड्रिड : बरं, ऐका. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला हा गृहस्थ एक गोष्ट सांगतो. गुड फ्रायडे, खालचं घर, बाबा फोनपाशी ड्युटीवर, आणि मी स्वयंपाकघरात टेबलापासून त्याच्यापर्यंत पहिल्यांदा चालले. सात पावलं. बत्तीस वर्षं ऐकतेय. आजोबांच्या कधी कानावर पडली तर ते उठून लाकडं आणायला जायचे, मला वाटायचं कंटाळले. गेल्या आठवड्यात खोऱ्याच्या पेपरवाल्या बाईंना मुलाखतीतही तीच सांगितली यानं.

हाल्वर : एल्ड्रिड, ती पिशवी इकडे दे.

एल्ड्रिड : थांब ना. देशाचा पोलीसप्रमुख, आणि साक्ष साफ चुकीची. हे बघ, पुरावा. ऐक आत्या. 'गुड फ्रायडे, ९ एप्रिल. वारा वायव्येचा, बर्फ ओला. पाच वाजता स्कीवरून आलो. एल्ड्रिड सहा वाजून वीस मिनिटांनी शेगडीपासून दारापर्यंत एकटी चालली. सात पावलं. मग खाली बसली आणि हसली. अकरा वाजता निघतो. हाल्वर.' वेळसुद्धा लिहिलीय, मिनिटासकट. पोलिसाचा रिपोर्टच. म्हणजे स्वयंपाकघर नाही, हे दार. हे. मी दोन दिवस त्या दाराकडे बघतेय. मला रडूच आलं वाचून, आणि हसूही.

तूरुन : पोरी, कोट काढ आधी.

एल्ड्रिड : काढते. तर मी काय केलं, पानाचा फोटो काढला आणि आत्ता दगडावरून पेपरवाल्या बाईंना पाठवला. म्हटलं, मुलाखतीत दुरुस्ती करा, यांना लेकीचं पहिलं पाऊल कुठल्या घरात पडलं तेही आठवत नाही. त्या इतक्या खूश झाल्या, लगेच उत्तर आलं. पेपर ईस्टरला बंद असतो ना, मंगळवारी निघेल. पहिल्या पानावर टाकणार आहेत, तुझ्या अक्षरासकट. बाबा? तुला आवडलं नाही?

हाल्वर : परत घेता येईल?

एल्ड्रिड : काय परत घेता येईल?

हाल्वर : फोटो.

एल्ड्रिड : अरे, तुझा काही कमीपणा नाही त्यात. उलट माणूस वाटतोस. वाचणाऱ्याला काय दिसणार? एक बाप आणि एक बाळ.

तूरुन : सगळ्यांना तेच दिसेल. एकाला तारीख दिसेल.

एल्ड्रिड : कुणाला?

तूरुन : गाउतेला. उत्तरेला राहतो. खोऱ्याचा पेपर पोस्टानं मागवतो, बत्तीस वर्षं. त्याला गुरुवारी मिळतो.

हाल्वर : तुला कसं माहीत?

तूरुन : दर नाताळला पत्र पाठवते मी त्याला.

हाल्वर : काय लिहितेस?

तूरुन : बर्फ किती पडला ते. दुसरं काय लिहिणार? माझी काय हिंमत होती?

एल्ड्रिड : गाउते कोण? कुणीतरी मला सांगणार आहे का? आत्या?

तूरुन : मी नाही. बाप सांगेल.

हाल्वर : एल्ड्रिड, त्या सायंकाळी एक अधिकारी राखीव पाळीवर असताना नेमून दिलेल्या ठिकाणी उपस्थित नव्हता. परिणामी...

एल्ड्रिड : बाबा, माणसासारखं बोल.

हाल्वर : माझी पाळी होती. मी घरी फोनपाशी बसायला हवं होतं, आणि मी इथं आलो. ठाण्यात गाउते होता, एकटा. कोठडीत एक दारू प्यालेला माणूस होता, लुडविक. अपघाताचा निरोप आला म्हणून गाउतेनं मला बोलवायला घरी फोन केला. मी घरी नव्हतो. तो गेला, आणि लुडविक एकटा मेला. चौकशीत मी सांगितलं, मी घरीच होतो, फोन आलाच नाही. त्याची नोकरी गेली. माझी राहिली. झालं.

एल्ड्रिड : झालं काय? थांब. फोन किती वाजता केला त्यांनी?

हाल्वर : सव्वासहापासून साडेसहापर्यंत. अकरा वेळा.

एल्ड्रिड : सहा वीसला मी चालत होते.

हाल्वर : हो.

एल्ड्रिड : तू दारापाशी हात पसरून बसला होतास.

हाल्वर : गुडघ्यांवर. हो.

एल्ड्रिड : आणि खाली घरात फोन वाजत होता.

हाल्वर : हो.

एल्ड्रिड : मग ते स्वयंपाकघर कुठून आलं?

हाल्वर : त्याची काय गरज आहे आता?

एल्ड्रिड : मी वकील आहे, बाबा. स्वयंपाकघर कुठून आलं?

हाल्वर : समितीनं विचारलं, त्या संध्याकाळी घरी होतास तर काय करत होतास, काही आठवतं? मला काही सुचेना. मी म्हटलं, माझी मुलगी पहिल्यांदा चालली. ते खरं होतं. मी फक्त घर बदललं. ते हसले. त्यातल्या एकाची नात तेवढीच होती. त्यांनी लिहून घेतलं, आणि मग पुढं काही विचारलंच नाही.

एल्ड्रिड : म्हणजे मी तुझी साक्षीदार होते.

हाल्वर : तू अकरा महिन्यांची होतीस.

एल्ड्रिड : म्हणून तर उलटतपासणी झाली नाही माझी. दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी तू साक्ष पाठ करायचास. आणि मी म्हणायचे, बाबा, परत सांग.

हाल्वर : तुझ्यासाठी सांगायचो मी.

एल्ड्रिड : आईला माहीत होतं?

हाल्वर : ती इथंच होती.

एल्ड्रिड : म्हणून तुला सोडून गेली ती?

हाल्वर : नाही. माहीत नाही. तिनं कारण दिलं नाही, मी विचारलं नाही.

तूरुन : आमच्या घरात कुणीच काही विचारत नाही, पोरी. शहाणी माणसं आम्ही. मी सुद्धा त्यातलीच. त्याच्यावर चिडशील तेव्हा थोडं माझ्यासाठी पण ठेव.

हाल्वर : एल्ड्रिड, ऐक. दगडापर्यंत अर्धा तास लागतो. त्या बाईंना एक फोन कर. म्हण, ते पान नका छापू. घरगुती आहे, वडिलांना संकोच वाटतो. त्या ऐकतील. मी शुक्रवारनंतर बघतो. नीट, रीतसर, वेळ घेऊन. मी पळत नाहीये. नेमणूक झाली की जुनी प्रकरणं पुन्हा तपासायला माणसं बसवता येतील मला. त्यात हेही काढतो.

तूरुन : स्वतःच्या चौकशीवर स्वतः माणसं नेमणार.

हाल्वर : ताई, तू मध्ये बोलू नकोस.

एल्ड्रिड : करते मी फोन. लगेच जाते. फक्त एक कर. ते 'घरगुती', 'संकोच' ठेव बाजूला. माझ्याकडे बघ आणि सरळ सांग, एल्ड्रिड, माझ्यासाठी खोटं बोल. एवढे चार शब्द. मी तशीच बाहेर पडते, कॉफीसुद्धा घेत नाही.

हाल्वर : असं का करतेस?

एल्ड्रिड : एकदा मला न विचारता वापरलंस. आता विचारून वापर.

हाल्वर : ताई, तिला सांग ना काहीतरी.

तूरुन : तुझी लेक आहे.

हाल्वर : एल्ड्रिड...

एल्ड्रिड : बोल.

हाल्वर : नाही बोलता येत.

एल्ड्रिड : बरं.

हाल्वर : छापू दे. मग शुक्रवारचं... मंत्रीबाईंना कळवावं लागेल. आजच. काय सांगू? माझं नाव मागं घ्या म्हणून? कारण विचारतील. ते तयार केलेले कागद, ती जेवणाची आमंत्रणं, उन्नीला पण बोलावलंय...

तूरुन : मंत्रीबाई गेल्या खड्ड्यात. त्यांना संध्याकाळी सांग. आधी ज्याच्या दारात गुरुवारी पेपर पडणार आहे त्याला सांग. पानावर वाचून कळू देऊ नकोस त्याला. त्याचा नंबर माझ्या चष्म्याच्या घरात आहे, घडी केलेला कागद.

हाल्वर : तो तिथं का आहे?

तूरुन : नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलीनं पत्रात लिहिला होता. दर ईस्टरला वर येताना वाटतं, या वेळी तुला देईन. दर ईस्टरला परत नेते.

हाल्वर : काय म्हणू मी त्याला?

तूरुन : तू घरी नव्हतास. एवढंच म्हण. बाकीचं तो म्हणेल. तू ऐकायचं, मध्ये नियम सांगायचे नाहीत.

हाल्वर : तो फोन ठेवून देईल.

तूरुन : देऊ दे.

हाल्वर : तो ओरडेल.

तूरुन : बत्तीस वर्षांचा हक्क आहे त्याचा. माझी जाड टोपी घे, वर वारा आहे अजून.

एल्ड्रिड : वही इथं ठेव, बाबा. पिशवीतून काढलीस ती.

हाल्वर : चुकून हातात राहिली.

एल्ड्रिड : हं. ठेव.

(हाल्वर जातो. तासाभरानं दार उघडतं.)

एल्ड्रिड : लवकर आलास. बोललास?

हाल्वर : उचलला नाही.

तूरुन : बरोबर नंबर लावलास ना?

हाल्वर : कागदावरचाच. नुसता वाजत राहिला. ईस्टर आहे, बाहेर गेला असेल. नाहीतर अनोळखी नंबर बघून उचलत नसेल, म्हातारी माणसं उचलत नाहीत. मी प्रयत्न केला. संध्याकाळी बघू, नाहीतर उद्या. ते दार लाव, ताई, गारठा येतोय. कॉफी आहे का थोडी? बूट काढतो जरा. बोटं गेली माझी.

एल्ड्रिड : किती वेळा केलास?

हाल्वर : काय?

एल्ड्रिड : फोन, बाबा.

हाल्वर : दोनदा.

एल्ड्रिड : त्यांनी अकरा वेळा केला होता.



तूरुन : बूट राहू देत. हातमोजे तेवढे बदल, ओले झालेत तुझे. माझे घाल, शेगडीपाशी वाळलेत.